गार्डेनाल ६०: कुत्र्याच्या फिटसाठी आठ महिने वापरल्यानंतर

फेनोबार्बिटोन या फिटवरच्या औषधाची ही ६० मिलिग्रॅमची माणसांचीच गोळी, व्हेटच्या चिठ्ठीवरच घ्यायची. २४ किलोच्या देशी कुत्र्याला दर १२ तासांनी एक, म्हणजे किलोमागे अडीच मिलिग्रॅम. महिन्याला दोन-तीन फिट यायच्या, आता दोन-अडीच महिन्यांतून एखादी येते. पूर्ण थांबल्या नाहीत, तरी औषध कामाचं आहे.

पहिले दोन आठवडे अवघड. मागचे पाय लटपटतात, जिन्यावर तोल जातो, दिवसभर झोप. घाबरून इथेच गोळी सोडू नका. रक्तातली पातळी स्थिर व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो आणि मग गुंगी उतरते. औषध एकदम तोडलं तर लागोपाठ फिट येऊ शकतात. भूक-तहान मात्र वाढलेलीच राहते. जेवण मोजून द्या, पाणी कधीच तोडू नका, आणि रात्री झोपण्याआधी लघवीला एक फेरी जास्त मारा.

खरा फरक पडतो तो रक्ततपासणीने. दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी रक्तातली औषधाची पातळी पाहायची, सोबत लिव्हरच्या तपासण्याही. १५ ते ३५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ठीक. ३५ च्या वर लिव्हरला धोका वाढतो. लॅबला साधी ट्यूब वापरायला सांगा, जेलवाल्या ट्यूबमध्ये आकडा खोटा कमी येतो, आणि त्यावरून डोस वाढवला तर नुकसान कुत्र्याचं. एएलपी (लिव्हरच्या तपासणीतलं एक एन्झाइम) थोडं वाढलेलं दिसलं म्हणून लगेच हादरू नका, या औषधाने ते वाढतंच. एएलटी (लिव्हरचं दुसरं एन्झाइम), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन) आणि पित्ताम्लं (बाइल अ‍ॅसिड) सोबत बघायला लावा.

पातळी चांगली असूनही फिट येत असतील तर व्हेट बहुधा लेव्हेटिरासेटाम हे फिटवरचं दुसरं औषध जोडतात. ते दर आठ तासांनी द्यावं लागतं आणि फेनोबार्बिटोनसोबत शरीरातून लवकर निघून जातं. सिरप घेताना लेबल वाचा: झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) असेल तर कुत्र्याला अजिबात नको.

मांजरीलाही फेनोबार्बिटोनच पहिली पसंती, पण डोस वेगळा. पोटॅशियम ब्रोमाइड हे फिटवरचं आणखी एक औषध मांजरीला देऊ नये, फुप्फुसांना सूज येते. तिला तोंडावाटे रोज डायझेपाम (फिट थांबवणारं गुंगीचं औषध) हेही नको, लिव्हर निकामी होऊ शकतं.

फिट चालू असताना कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात हात घालू नका. डोक्याखाली चादर सरकवा, घड्याळ बघा, व्हिडिओ काढा. पाच मिनिटांवर गेली किंवा २४ तासांत दुसरी आली तर थेट दवाखाना. गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम आधीच लिहून घेऊन घरात ठेवा, आणि दोन आठवड्यांच्या गोळ्या नेहमी शिल्लक असू द्या, कारण प्रत्येक मेडिकलवाल्याकडे ही गोळी असतेच असं नाही.