तोंड दाबून बुक्क्यांचा मार: ‘रेडी कराओके लॅपटॉप’चा सौदा

“आय-सेव्हन लॅपटॉप, २ टीबी एसएसडी, १ लाख कराओके ट्रॅक, सगळी डीजे सॉफ्टवेअर लाइफटाइम, कंट्रोलर फ्री. न्यायचं, लावायचं, वाजवायचं.” लग्नसराई आणि गणपतीच्या तोंडावर अशा जाहिरातींना ऊत येतो. गिऱ्हाईकही ठरलेलं असतं. वर्षानुवर्षं सीडी प्लेअर, मिक्सर, अँपची (अ‍ॅम्प्लिफायरची) रॅक आणि सीडींच्या पेट्या टेम्पोतून वाहिलेला, आता कंबर बोलायला लागलेला साउंडवाला. आवाजातलं त्याला सगळं कळतं, कॉम्प्युटरमधलं फारसं नाही. नेमक्या या फटीत सौदा घुसतो.

हलका सेटअप ही कल्पना खोटी नाही. दीड-दोन किलोचा लॅपटॉप, साधारण तेवढ्याच वजनाचा, गाणी मिसळायचा कंट्रोलर, मुठीत मावणारं साउंडकार्ड, छोटा मिक्सर आणि पोटात अँप असलेले दोन टॉप, म्हणजे स्पीकर. एवढ्यावर हळदीचा किंवा सोसायटीचा कार्यक्रम एकटा माणूस सहज निभावतो. खोटा असतो तो ‘रेडी’ हा शब्द.

डेमो नेहमी झकास होतो, कारण तो तसा रचलेला असतो. चार-पाच निवडक गाणी लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर ठेवलेली असतात, गाण्यांनी भरलेल्या बाहेरच्या ड्राइव्हवरून काहीच वाजत नाही. चार्जर लावलेला, वायफाय बंद, आवाज हेडफोनमध्ये, माइक जोडलेलाच नाही. म्हणजे बॅटरी, ड्राइव्ह, हमिंग (घरघर), डिले (आवाज मागून येणं) यांतलं काहीही दहा मिनिटांत उघडं पडणार नाही. तेव्हा डेमोची मांडणी आपण करायची. ड्राइव्हच्या यादीत अगदी तळाशी असलेली गाणी आपण निवडायची, चार्जर काढायचा, आपला मिक्सर, आपला माइक जोडायचा आणि तासभर वाजवायचं. विकणारा घाई करू लागला तर उठावं.

लॅपटॉपपासून सुरुवात करू. नुसत्या ‘आय-सेव्हन’ला काही अर्थ नाही. आय-सेव्हन ४६०० यू हा २०१३ चा प्रोसेसर, त्याला कोअर दोनच. २०१७ च्या आय-फाइव्ह ८२५० यू ला चार. विंडोज ११ अधिकृतपणे चालवायला इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनवर आडमार्गाने ११ टाकून ‘लेटेस्ट’ म्हणून विकणं त्यामुळे फार सोपं झालंय. बाहेरच्या स्टिकरवर जाऊ नका. विंडोजमध्ये दिसणारं प्रोसेसरचं नावसुद्धा सुरू होताना एक छोटी स्क्रिप्ट चालवून बदलता येतं. मशीन बंद करून बायॉसमध्ये, म्हणजे सुरू होताना विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरा आणि तिथे वाचा. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ (powercfg /batteryreport) चालवा. मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्जला भरणारी क्षमता, हे दोन आकडे शेजारीशेजारी मिळतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर जनरेटर बदलताना लाइट गेली की गाणं अर्ध्यात थांबायचा धोका आहे.

खरा खड्डा मात्र वेगळा. बाजारातले बरेच जुने लॅपटॉप कंपन्यांतून आलेले असतात, आणि काही अजून कंपनीच्या नोंदणीतून सुटलेले नसतात. ते कधीतरी रीसेट केले आणि इंटरनेटला जोडले की थेट त्या कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड मागतात. तिथून पुढे रस्ता नाही. मॅकबुकचंही तेच, पुसून सुरू केल्यावर ‘रिमोट मॅनेजमेंट’ची पाटी येते. याची परीक्षा एकच: समोर बसून पूर्ण रीसेट, मग मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून पहिल्यापासून सेटअप. इथे विकणारा म्हणतो, “दादा, रीसेट केलं तर आतली सगळी सॉफ्टवेअर जातील, परत टाकायचे वेगळे पैसे.” फुकट दिलेला माल तपासणीच्या आड कसा येतो, ते इथे दिसतं.

आता ड्राइव्ह. सगळ्यात मोठा डल्ला इथेच मारला जातो. ‘२ टीबी पोर्टेबल एसएसडी’ (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) म्हणून दिलेली चकचकीत डबी उघडली तर आत बऱ्याचदा यूएसबीच्या बोर्डाला चिकटवलेलं ६४ किंवा १२८ जीबीचं मेमरी कार्ड निघतं. तिचं फर्मवेअर, म्हणजे आत भरलेलं मूळ सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरला ‘मी २ टीबी आहे’ असं खोटं सांगतं. खरी जागा संपली की नवीन माल जुन्यावर चढतो किंवा सरळ हवेत जातो, पण कॉपी करताना चूक दाखवत नाही. आणि फाइलींची नोंदवही बहुतेक वेळा ड्राइव्हच्या सुरुवातीच्या, खऱ्या भागात असते, म्हणून ती शाबूत राहते. गाण्यांची नावं दिसतात, साइज दिसते, फोल्डर नीट लागलेले असतात. वाजवायला गेलं की शांतता, नाहीतर एरर. हे कळतं केव्हा, तर हॉलमध्ये काकूंनी फर्माईश केल्यावर.

पूर्ण ड्राइव्ह तपासायचं जुनं साधन म्हणजे एचटूटेस्टडब्ल्यू. ते भरून लिहितं आणि परत वाचून पाहतं, त्यामुळे खात्रीचं. पण सेकंदाला २० एमबीने २ टीबी लिहायला जवळपास २८ तास लागतात, आणि ड्राइव्हही रिकामी हवी. दुकानात उभ्याउभ्या करायचं तर व्हॅलिड्राइव्ह वापरा. ते ड्राइव्हभर समान अंतरावरच्या ५७६ जागा लिहून-वाचून पाहतं आणि तिथला मूळ माल परत जागेवर ठेवतं. खोटी ड्राइव्ह असेल तर नकाशात थोडे हिरवे आणि बाकी सगळे लाल ठोकळे दिसतात. ते सॉफ्टवेअर आपल्या पेनड्राइव्हवर घरून न्यावं, आणि शक्यतो आपल्याच लॅपटॉपवर चालवावं. साधी खूणही आहे: खरी यूएसबी ३ एसएसडी मोठी फाइल सेकंदाला काहीशे एमबीने उचलते, ही नकली डबी १०-३० च्या पुढे जात नाही. ड्राइव्ह एसएसडी नसून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ‘रिअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टर, म्हणजे खराब झालेल्या जागा, यांच्यासमोरचा ‘रॉ व्हॅल्यूज’चा रकाना पाहा. तिथे शून्याशिवाय काही दिसलं तर ती डिस्क कार्यक्रमाला नेण्याच्या लायकीची नाही.

गाण्यांचा आकडा पडताळायला नुसती पाटीवरची गणितं पुरतात. सीडीजी, म्हणजे पडद्यावर गाण्याचे शब्द दाखवणारी कराओकेची फाइल, ठरावीक वेगानेच भरते, सेकंदाला ७,२०० बाइट. चार मिनिटांच्या गाण्याची .सीडीजी साधारण १.७ एमबी, सोबतची १२८ केबीपीएस एमपीथ्री ३.८ एमबी, मिळून साडेपाच. म्हणजे १ लाख गाण्यांना साधारण साडेपाचशे जीबी हवेत. ‘६४ जीबी पेनड्राइव्हमध्ये १ लाख’ म्हणणाऱ्याच्या एका गाण्याच्या वाट्याला ०.६४ एमबी येतात, त्यात जेमतेम अर्ध्या मिनिटाचं गाणं मावेल. जिथे जागा पुरेशी असते तिथे आकडा फुगवतात दुसऱ्या तऱ्हेने. एकच ट्रॅक पाच पट्ट्यांत सरकवून पाच गाणी म्हणून मोजलेला, किंवा नाव बदलून तीन फोल्डरमध्ये टाकलेला. डुपगुरूसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नावाऐवजी आतल्या मजकुरावरून जुळणी लावली की नाव बदललेल्या नकला सापडतात. पट्टी सरकवलेले कानानेच ओळखायचे.

दर्जाचंही असंच. ‘स्टुडिओ एचक्यू’ म्हणून दिलेले बरेच ट्रॅक मूळ गाण्यातून गायकाचा आवाज सॉफ्टवेअरने पुसून केलेले असतात. ओळीच्या शेवटी भुताटकीसारखा आवाज उरतो, नाहीतर स्टिरिओचा मधला भाग कापल्यामुळे गळ्याबरोबर बेस आणि किकही गेलेला असतो. ३२० केबीपीएसच्या दाव्यासाठी स्पेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाका. चित्र १६ किलोहर्ट्‌झच्या आसपास कुऱ्हाडीने तोडल्यासारखं थांबत असेल तर ती मुळात १२८ ची फाइल, फुगवून मोठी केलेली.

मग ‘लाइफटाइम’ सॉफ्टवेअर. यात तीन प्रकार. एक, मुळात फुकट असलेलंच विकणं: कराओकेचं ओपनकेजे आणि डीजेचं मिक्स्क्स दोन्ही मोफत आहेत, त्यांना कसलं लाइफटाइम? दोन, एकाच खात्याचं लायसन्स दहा जणांना वाटणं. मूळ मालकाने पासवर्ड बदलला की दहाही जण बाहेर. तीन, क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर. ते टाकताना अँटिव्हायरस आड येऊ नये म्हणून अपवाद लावलेला असतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘एक्सक्लूजन्स’ उघडून बघा. तिथे अख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला दिसला तर त्या मशीनला राखणदारच नाही. त्याच लॅपटॉपवर पुढे नेटबँकिंग उघडलं तर आतल्या चोराला पासवर्ड आयते मिळतात. ‘सर्व्हिससाठी’ म्हणून ठेवलेलं रिमोट सॉफ्टवेअरही लगेच काढा. विंडोज खरंच ॲक्टिव्हेट आहे का, हे ‘एसएलएमजीआर /एक्सपीआर’ (slmgr /xpr) ही कमांड सांगते. ‘कायमचं’ म्हणण्याऐवजी एखादी तारीख दाखवली तर ते बहुधा १८० दिवसांवर चालणारं जुगाड आहे. व्हर्च्युअल डीजे हे सॉफ्टवेअर घरगुती वापराला फुकट आहे, पैसे घेऊन वाजवायचं तर लायसन्स घ्यावं लागतं. तो खर्च पहिल्या दिवसापासून धरूनच हिशोब करावा.

कंट्रोलर फ्री मिळतो तेव्हा त्याचा क्रॉसफेडर, म्हणजे एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी सरकपट्टी, बऱ्याचदा घासलेला असतो. कंट्रोलरकडून येणारे आकडे दाखवणाऱ्या मिडी-ऑक्स या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेडर आणि नॉब सावकाश फिरवा. आकडा ० पासून १२७ पर्यंत न उडता गेला पाहिजे. मध्येच ४० वरून ७० वर उडी मारली तर तो कार्यक्रमातही तसाच उडी मारणार. यूएसबीचं सॉकेट हलवून पाहायला विसरू नका.

‘७.१’ लिहिलेलं अंगठ्याएवढं साउंडकार्ड हा निव्वळ विनोद. बऱ्याचदा त्यात एक मोनो माइक आणि एक स्टिरिओ आउट एवढंच असतं, आवाजाचा उशीर कमी करणारा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हरही नसतो. त्यातून माइक घेतला की गायकाला स्वतःचा आवाज मागून ऐकू येतो आणि ताल सुटतो. ४८ किलोहर्ट्‌झला ५१२ सॅम्पलचा बफर (आवाज क्षणभर साठवायची जागा) म्हणजे एका फेरीला १०.७ मिलिसेकंद. येताना एकदा, जाताना एकदा, वर ड्रायव्हरचा वेळ. माइक सरळ मिक्सरमध्ये घाला, लॅपटॉपमधून फक्त ट्रॅक येऊ द्या, हा प्रश्नच राहत नाही. चार्जर लावल्यावर येणारी घरघर ही मात्र दर वेळी फसवणूक नसते. अर्थिंगचा तो दोष लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (तारांचा थेट विद्युत संबंध तोडणारी डबी) घातला की बहुधा जातो. टॉपवर छापलेल्या ‘५,००० वॉट पीएमपीओ’ या फुगवलेल्या आकड्याचं उत्तर मागच्या फ्यूजमध्ये असतं: ३ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट, ६९० वॉट. सतत याहून जास्त वीज तो भिंतीतून ओढूच शकत नाही.

पैसे देताना पावतीवर लॅपटॉपचं मॉडेल, सिरियल नंबर, रॅम, ड्राइव्हची क्षमता आणि ७ दिवसांची चेकिंग वॉरंटी लिहून घ्या. ‘मिलिटरीत आहे, बदली झाली, क्यूआर स्कॅन करा, पैसे परत येतील’ या नाटकाबद्दल इतकंच: स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत.

फसल्यावर बहुतेक जण गप्प बसतात, आणि विकणाऱ्याचा खरा भरवसा त्यावरच असतो. आपल्याच ड्राइव्हवर चोरीची गाणी, क्रॅक सॉफ्टवेअर. तक्रार कशी करणार? वर तो सांगून ठेवतो, “लग्नात वाजवायला लायसन्स लागत नाही, त्यामुळे गाणी कायदेशीर आहेत.” कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मधली सवलत लग्नसमारंभासारख्या प्रसंगी वाजवण्यापुरती आहे. गाण्यांच्या प्रती काढून विकायला ती परवानगी देत नाही. सौद्यासोबत दिलेलं ‘लायसन्स सर्टिफिकेट’ही कागदाचा तुकडाच, गाण्याचे हक्क ज्याच्याकडे नाहीत तो लायसन्स कशाचं देणार?

ऑनलाइन पैसे गेले असतील तर पहिल्या तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी थांबवायची शक्यता तेव्हाच सगळ्यात जास्त असते. दुकानाशी वाद असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ‘धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’ असं दुकानदार सुनावतो, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूत धरलेली नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तक्रार ‘गाणी कमी निघाली’ अशी लिहू नका. ‘२ टीबी म्हणून १२८ जीबीची ड्राइव्ह दिली’, ‘कंपनीच्या नावावर लॉक असलेला लॅपटॉप दिला’ असं वस्तूबद्दल लिहा. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि व्हॅलिड्राइव्हच्या लाल ठोकळ्यांचा फोटो जोडा.