विधानसभेचा प्रश्नोत्तराचा तास: फुकट आहे, बघाच एकदा

पाचपैकी साडेतीन स्टार. बातम्यांत नुसता राडा दाखवतात त्यामुळे लोकांना वाटतं अधिवेशन म्हणजे गोंधळच, पण खरा माल या तासात असतो, आमदार उठतो आणि विचारतो ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांची पदं किती मंजूर, किती रिक्त, कधी भरणार, आणि मंत्र्याला तिथंच उभं राहून बोलावं लागतं. हे फक्त तारांकित प्रश्नाला, म्हणजे ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी द्यावं लागतं त्याला बरं का, अतारांकितला नुसतं लेखी उत्तर, उपप्रश्न (उत्तरावर लगेच विचारलेला पुढचा प्रश्न) नाही. आणि सगळी मजा उपप्रश्नातच आहे! छापील उत्तर वाचाल तर डोकं फिरेल, 'हे अंशतः खरे आहे', 'कार्यवाही सुरू आहे', शेवटी 'विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही'. पण आमदार तयारीचा असला, पक्ष कुठलाही असो, की तो विचारतो भरती होईपर्यंत रात्रीची ड्युटी कोण करणार? मग अधिकाऱ्यांच्या चिठ्ठ्या येतात आणि साहेब 'बैठक लावतो' वर येतात.

दीड स्टार कापला कारण यादी लांबलचक आणि थोडेच प्रश्न चर्चेला येतात, वर गदारोळ झाला की तासच गेला. नागपूरचं हिवाळी अधिवेशन तर आधीच आखूड.

आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे मशीन आहे, चालवणारा नाही, पेशंट बाहेर पैसे मोजून फोटो काढतात. आमदारांच्या पीएकडे अर्ज दिलाय, म्हटलं भाऊ टाकायचा तर तारांकितच टाका.