आई-बाबांच्या घरी राहून कर्ज फेडताना: स्वतःच्या पगारातून, नवीन लोन काढून की त्यांच्याकडून पैसे घेऊन?

क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे, सोबत एखादं पर्सनल लोन आहे, पगार आला की हप्त्यांत जातो, आणि तुम्ही आई-बाबांच्या घरी राहताय किंवा भाडं वाचवायला परत त्यांच्याकडे जायचा विचार चाललाय. अशा वेळी समोर तीन रस्ते असतात. घरी राहून स्वतःच्याच पगारातून जोर लावून फेडायचं, किंवा महागडं कर्ज बंद करायला कमी व्याजाचं नवीन लोन काढून तेवढं एकच फेडत बसायचं, किंवा आई-बाबांकडून एकरकमी पैसे घेऊन सगळं मिटवायचं आणि मग त्यांना हळूहळू परत द्यायचं. माझं मत आधीच सांगून टाकते, बहुतेकांनी आई-बाबांचं छप्पर घ्यावं, त्यांची पुंजी घेऊ नये. का, ते आकडे मांडून बघूया, कारण हा विषय निघाला की घरात रडारड, रागराग सगळं होतं पण कागद-पेन घेऊन कोणी बसत नाही.

समजा थकबाकी 3 लाख आहे आणि कार्डाचं व्याज महिन्याला 3 टक्के. 3 हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण न भरलेलं व्याज दर महिन्याला मुद्दलात मिसळत जातं आणि वर्षाचा दर 36 वर थांबत नाही, चक्रवाढीने 42 टक्क्यांच्या वर जातो. आता भाडं भरून बाहेर राहणारा माणूस या कर्जात महिन्याला 15 हजार टाकू शकतो असं धरा. त्याला 31 महिने लागतील आणि व्याजापोटीच साधारण 1 लाख 65 हजार जातील. तोच माणूस घरी राहायला आला, भाड्याचे 15 हजार वाचले आणि ते सगळेच्या सगळे कर्जात टाकले, म्हणजे महिन्याला 30 हजार, तर जवळपास 12 महिन्यांत कर्ज संपतं आणि व्याज जातं 62 हजारांच्या आसपास. हप्ता दुप्पट झाला पण वेळ निम्म्याहूनही बराच कमी झाला, कारण पहिल्या महिन्यात 9 हजार नुसतं व्याजच असतं, 15 हजार भरले तर मुद्दल फक्त 6 हजारांनी उतरतं आणि 30 हजार भरले तर 21 हजारांनी. म्हणजे आई-बाबांकडून एक पैसाही न घेता, फक्त त्यांच्या घरात राहून, 1 लाखाच्या वर वाचले. ही मदतच आहे, आणि मोठी मदत आहे, ती मोजायला लोक विसरतात.

आता घरी राहून महिन्याला 30 हजार भरायचेच आहेत असं धरून तिन्ही रस्ते शेजारी-शेजारी ठेवूया. व्याजदर उदाहरणापुरते आहेत, तुमच्या कागदावरचे टाकून बघा.

| रस्ता | वर्षाचा दर | लागणारा वेळ | एकूण व्याज |
|---|---|---|---|
| कार्डाचं कर्ज तसंच ठेवून स्वतः फेडणं | 36 टक्के (महिन्याला 3, चक्रवाढ न धरता) | 12 महिने | साधारण 62 हजार |
| नवीन लोन काढून कार्ड बंद | 15 टक्के | 11 महिन्यांच्या आत | साधारण 22 हजार |
| आई-बाबांचे पैसे, ठेवीवर मिळतं तेवढं व्याज त्यांना देऊन | 7 टक्के | 10 महिने आणि थोडे दिवस | साधारण 10 हजार |

यातली मधली ओळ नीट बघा. कार्डावरून साध्या लोनवर आलात की 40 हजार वाचतात, आणि तिथून पुढे आई-बाबांच्या पैशांनी वाचतात ते फक्त आणखी 12 हजार. आता हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा की या 12 हजारांसाठी त्यांच्या म्हातारपणासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावायचा का. माझ्या मते नाही. तुमच्याकडे कमवायला अजून कितीतरी वर्षं आहेत, त्यांच्याकडे तेवढी नाहीत, आणि ठेव एकदा मोडली की ती परत त्याच जागी उभी राहीलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

स्वतः फेडणं

या रस्त्याला कोणाची परवानगी लागत नाही, कसली फी नाही, कोणाकडे हात पसरायचे नाहीत. पण एक गोष्ट सांभाळली नाही तर घरी राहून काहीच फायदा होत नाही, ती म्हणजे वाचलेलं भाडं. भाडं बंद झालं की दोनेक महिने हातात पैसे खुळखुळतात आणि मग कधी नवा फोन, कधी फिरायला जाणं, कधी मित्रांचे खर्च, असं करत ते गायब होतात आणि माणूस म्हणतो घरी राहूनही काही उरत नाही बुवा. म्हणून भाडं जसं ठरलेल्या तारखेला जायचं तसंच ते पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप कर्जाच्या खात्यात गेलं पाहिजे, ऑटो डेबिट लावा, महिन्याच्या शेवटी उरेल ते भरू असं ठेवू नका. आणि कार्ड वापरणं पूर्ण थांबवा, कारण बहुतेक कार्डांवर मागची थकबाकी शिल्लक असली की नवीन खरेदीला बिनव्याजी मुदत मिळतच नाही, घेतलेल्या दिवसापासून व्याज सुरू. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर लिहिलेली किमान रक्कम, तेवढीच भरत राहण्याने तर फक्त लेट फी टळते, कर्ज जिथल्या तिथे.

कर्जं चार-पाच असतील तर आधी कुठलं फेडायचं यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं सगळ्यात जास्त व्याजाचं आधी, दुसरं म्हणतं सगळ्यात लहान रकमेचं आधी म्हणजे एक खातं बंद झाल्याचं समाधान मिळतं. हिशोबाने पहिलं बरोबर आहे यात वादच नाही. पण 2012 साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डेव्हिड गाल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी कर्ज फेडणाऱ्या लोकांची खरी माहिती तपासली तेव्हा त्यांना दिसलं की ज्यांची खाती एकेक करत बंद होत गेली ते शेवटपर्यंत टिकून सगळं फेडण्याची शक्यता जास्त होती, आणि त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, ज्यात लोक पैशाचे निर्णय कसे घेतात याचे अभ्यासक डॅन एरिएली होते, नेमकी उलटी बाजू दिसली होती की लोक लहान खाती बंद करण्याच्या नादात जास्त व्याजाचं मोठं कर्ज तसंच ठेवतात आणि पैसे घालवतात. मला दोन्ही पटतात. दरांत फार फरक नसेल तर लहान आधी संपवा, पण एक 40 टक्क्यांचं आणि एक 12 टक्क्यांचं असेल तर विचारच करू नका, 40 वालं आधी.

सगळाच्या सगळा पैसा कर्जात ओतू नका मात्र. एका महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला हवी, नाहीतर गाडी बंद पडली, दात दुखला, की परत कार्डच बाहेर येतं.

नवीन लोन काढून जुनं बंद करणं

आकड्यांत हा रस्ता छान दिसतो आणि आहेही, फक्त यात तीन-चार ठिकाणी माणूस फसतो. पहिलं म्हणजे फ्लॅट रेट. कोणी म्हणालं 12 टक्के फ्लॅट, 3 वर्षं, तर तो 12 टक्के नाहीये, कारण मुद्दल कमी होत जातं तरी व्याज शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच लावलेलं असतं, आणि घटत्या शिलकीच्या हिशोबाने तोच दर साधारण 21 टक्के पडतो. म्हणून दोन लोनची तुलना करताना दोन्ही दर रिड्यूसिंग बॅलन्सवरच, म्हणजे घटत्या शिलकीवरचेच, विचारा. दुसरं, प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडलं तर लागणारा चार्ज. तुम्ही घरी राहून भराभर फेडणार आहात, तेव्हा हा दुसरा चार्ज तुमच्यासाठी दरापेक्षाही महत्त्वाचा ठरू शकतो, सही करायच्या आधी लेखी घ्या. मधेच जास्तीची रक्कम भरली तर बँकेला स्पष्ट सांगा की हप्ता तोच ठेवा आणि मुदत कमी करा, नाहीतर बऱ्याचदा उलटं होतं, हप्ता कमी होतो आणि लोन तितकेच महिने चालू राहतं.

पण खरी भीती वेगळीच आहे. लोन मिळालं, कार्डाची थकबाकी शून्य झाली, लिमिट पूर्ण मोकळं, आणि सहा महिन्यांनी लोनही आहे आणि कार्डही परत भरलंय. हे इतक्या जणांचं होतं की मी तर म्हणेन, ज्या दिवशी थकबाकी शून्य होईल त्याच दिवशी लिमिट कमी करायचा अर्ज द्या. ते करायची मनाची तयारी नसेल तर हा रस्ता घेऊच नका, पहिलाच बरा.

आणि आई-बाबांना जामीनदार करून हे लोन घ्यायचं असेल तर थांबा. जामीन म्हणजे नुसती सही नसते, तुम्ही हप्ता चुकवला तर बँक राहिलेल्या पूर्ण रकमेसाठी त्यांच्या दारात येऊ शकते आणि त्यांचा क्रेडिट स्कोअरही खराब होऊ शकतो. त्यांचं घर तारण ठेवून कार्डाचं बिल भरणं तर त्याहून वाईट. कार्डाच्या कर्जाला तारण नसतं, ते थकलं तर मनस्ताप होईल, स्कोअर जाईल, कोर्टाची नोटीसही येऊ शकते, पण घर त्या कर्जाला थेट बांधलेलं नसतं. ते तुम्ही स्वतःच्या हाताने नेऊन बांधताय. व्याज कमी पडतं म्हणून ज्या छपराखाली सगळे राहताय तेच पणाला लावायचं, हे मला कुठल्याही हिशोबात बसत नाही.

आई-बाबांकडून पैसे घेणं

मी याच्या सरसकट विरोधात नाही. दुसरं कोणी लोन देत नाहीये, हप्ते थकलेत, वसुलीवाल्यांचे फोन सुरू झालेत, व्याजावर दंड चढतोय, आणि आई-बाबांकडे अशी रक्कम आहे जी उद्या परत नाही आली तरी त्यांचं औषधपाणी, रोजचा खर्च अडणार नाही, तर घ्या. पण हा शेवटचा भाग तुम्ही स्वतः तपासा, त्यांना विचारून कळणार नाही. "आम्हाला कशाला लागतात आता पैसे" हे वाक्य बहुतेक आई-बाबा म्हणतातच, मुलाला अडचणीत बघून नाही म्हणणं त्यांना जमत नाही, त्यामुळे त्यांचा होकार म्हणजे त्यांना परवडतंय असं नसतं.

घेतलेच तर पैसे तुमच्या खात्यातून न फिरवता थेट कर्जाच्या खात्यात जाऊ द्या. एका कागदावर रक्कम, दर महिन्याचा हप्ता, तारीख लिहून दोघांनी सह्या करा, घरातल्या घरात कसला कागद असं ते म्हणतील तरी करा, आणि भाऊ-बहीण असतील तर त्यांना आत्ताच सांगा, चार वर्षांनी भांडणात कळण्यापेक्षा आज कळलेलं चांगलं. व्याज निदान ठेवीवर मिळालं असतं तेवढं तरी द्या. त्यांनाही हप्ता ऑटोमॅटिक जाऊ द्या कारण बँकेचा हप्ता चुकला की मेसेज येतो, आईचा चुकला तर आई गप्प बसते, आणि म्हणूनच सगळ्यात आधी तिचाच हप्ता चुकतो.

आणखी एक किंमत असते जी वरच्या तक्त्यात दिसत नाही. एकाच घरात राहून पैसे देणेकरी असलात की तुमची प्रत्येक खरेदी कोणाच्या तरी डोळ्यात येते. नवीन बूट दिसले की बाबा काही बोलत नाहीत पण बघतात. दहा-अकरा महिने असं राहणं काहींना सहज जमतं, काहींच्या घरात त्यातून कायमचा अबोला येतो. तुमचं घर कुठल्या प्रकारचं आहे ते तुम्हालाच माहीत.

सांगायचं की लपवायचं, आणि घरखर्च

रस्ता कुठलाही घ्या, कर्ज आहे हे त्यांना सांगा. घरी राहून लपवता येत नाही, पत्रं येतात, फोन येतात, आणि बाहेरच्याकडून कळलं तर आकड्यापेक्षा लपवल्याचा राग जास्त येतो. सांगताना पूर्ण आकडा सांगा, अर्धा नको, आणि सोबत महिन्याचा हिशोब ठेवा म्हणजे पहिला प्रश्न "आता काय करायचं" असा न येता "हे जमेल का" असा येईल.

घरखर्चाला काही द्यायचं की सगळं कर्जात, यावर मी द्यावं या बाजूची आहे. निव्वळ हिशोबाने प्रत्येक पैसा महागड्या कर्जात जायला हवा हे खरंय, पण एखादं बिल, वीज किंवा इंटरनेट, पूर्णपणे तुमच्याकडे घ्या, ठरलेलं, दर महिन्याला. त्याने कर्ज फार तर एखाद्या महिन्याने लांबेल पण घरात तुमची जागा मोठ्या माणसाची राहते आणि रोजचे खटके कमी होतात. पैशाने नाही जमत तर कामाने द्या, पण काय ते आधी बोलून ठरवा. घरी किती महिने राहणार हेही त्याच बैठकीत बोला, तारीख सांगा, चुकली तर नवीन तारीख सांगा.

घरी राहणं सगळ्यांसाठी बरोबर नाही हेही तितकंच खरं. तिथून नोकरीला जायला इतका वेळ आणि खर्च लागतोय की वाचलेल्यातलं निम्मं प्रवासातच जातंय, किंवा घरात रोज अपमान होतो, मारहाण होते, तर 1 लाख वाचतात म्हणून तिथे राहू नका, बाहेर स्वस्तातली खोली कोणाबरोबर वाटून घ्या आणि 31 महिन्यांच्या जागी 22-25 महिन्यांत फेडा.

आणि आई-बाबांवर स्वतःचंच कर्ज असेल तर तिसरा रस्ता सोडूनच द्या. मग घरातली सगळी कर्जं, त्यांची आणि तुमची, दरासकट एका कागदावर उतरवा, कारण कधी कधी घरातलं सगळ्यात महागडं कर्ज तुमचं नसून त्यांचं निघतं. तसं असेल तर घरखर्चाला देणार होतात ती रक्कम त्यांच्या त्या खात्यात थेट भरा, पण तुमचे हप्ते आणि त्यांचे हप्ते वेगळ्या खात्यांतूनच जाऊ देत.