आठ महिन्यांनंतर: हवेत झकास, जमिनीवर बेजार

मिग-21 सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या हवाई दलातून निवृत्त झालं. त्या हळहळीत, दिवाळीला कापसाचा पहिला वेचा विकून मी हे सिम, म्हणजे कॉम्प्युटरवर लढाऊ विमानं उडवायचा सिम्युलेटर, घेतलं. डाउनलोडला चार रात्री गेल्या, दोनदा लाइट गेली. आता पेरणी आटोपली आहे, पावसानं दडी मारली आहे, म्हणून निवांत लिहितो. सिमचं नाव घेत नाही, वापरणारे ओळखतील.

उडण्याबद्दल तक्रार नाही. ढग, इंजिनाचा आवाज, जोरात वळवलं की डोळ्यांपुढं येणारी अंधारी, सगळं पैसा वसूल. माझं भांडण आहे ते चाकं जमिनीवर असतानाचं. पहिला महिनाभर स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, धावपट्टीपर्यंतही नेता येत नव्हतं. थोडं सरळ जायचं, मग नाक डावीकडं. उजवा रडर (शेपटीवरचं दिशा वळवायचं पातं) दिला तर ऐकायचं नाही, ब्रेक दाबला की गर्रकन फिरून पंख जमिनीला. शेजारचं पोट्टं मागं उभं राहून विचारायचं, "काका, हे इमान उडते कधी?"

यातलं अर्धं त्या विमानाचं खरंच वागणं आहे. शेपटीला चाक असलेल्या विमानाचा भार मुख्य दोन चाकांच्या मागं असतो. ट्रॉली लावून ट्रॅक्टर रिव्हर्स घेतलेल्या माणसाला हे लगेच उमगेल: ट्रॉली जराशी तिरपी झाली की आपोआप आणखी तिरपी होत जाते. हात थोडाथोडा आणि आधीच फिरवावा लागतो. वाकडं झाल्यावर जोर लावून उपयोग नाही.

ब्रेकचं तर प्रत्येक विमानाचं वेगळं. स्पिटफायरला पायात ब्रेकच नाही. विमान चालवायच्या दांड्यावर लिव्हर असते, ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, आणि लिव्हर दाबून रडर ज्या बाजूला द्याल ते चाक जास्त धरतं. मिग-21 चंही तसंच. नाकाचं चाक मोकळं फिरतं, वळायचं ते ब्रेकनंच. त्याच युद्धातल्या जर्मन मेसरश्मिट 109 ला मात्र दोन पायांना दोन ब्रेक, आपल्या ट्रॅक्टरसारखे. वावरात धुऱ्याजवळ वळताना आपण खटका काढून एकच ब्रेक दाबतो, रस्त्यावर दोन्ही जोडून ठेवतो. हे डोक्यात बसलं आणि लोक ज्याला इतकं बदनाम करतात ते 109 मला स्पिटफायरच्या आधी जमलं.

आता सिमचे दोष. कीबोर्डवरचा ब्रेक म्हणजे शून्य नाही तर शंभर, मधलं काही नाही. स्पिटफायरचा ब्रेक मी जॉयस्टिकच्या स्लायडरवर (सरकत्या खटक्यावर) घेतला, तेव्हा कुठं हलका दाब देता आला. नागपूरहून रडर-ब्रेकसाठी पायानं दाबायचे जुने पेडल आणले तर नवीनच खोड: सुरू केल्यावर पेडल एकदा दाबेपर्यंत सिम दोन्ही ब्रेक अर्धे लागलेले धरतं. थ्रॉटल (इंजिनाचा जोर) कितीही द्या, विमान बसक्या बैलासारखं हलत नाही. दोन्ही पेडल एकदा पूर्ण दाबून सोडायचे, एवढाच इलाज. तो कुठंच लिहिलेला नाही, मला सापडायला पंधरा दिवस लागले.

एक चूक माझीही. विमान सारखं डावीकडं ओढायचं, मी विमानाच्या नाकावरच्या पंख्याला दोष देत बसलो. शेवटी डावा पेडल उघडला तर आत कापसाचे तंतू आणि धूळ. भाव वाढेल म्हणून कापूस त्याच खोलीत भरून ठेवला होता ना! ब्रशनं साफ केलं, डेडझोन (पेडल जरासं हललं तरी सिमनं दुर्लक्ष करायची मर्यादा) 5 टक्के ठेवला, ओढणं थांबलं.

मार्चच्या अपडेटनं मात्र खरंच घाण केली. तेव्हापासून गवताच्या पट्टीवर ब्रेक लावला की पावसातल्या काळ्या मातीत घसरावं तसं विमान घसरतं, आणि वेग कमी झाला की एकदम धरून नाकावर उभं. कळवलं, तर "नोंद घेतली" असं उत्तर आलं. पंचनामा होईल म्हणतात तसं.

पेडल किंवा निदान स्लायडर नसेल तर घेऊ नका राजेहो, फुकटचा मनस्ताप. मी दांडा पोटाशी ओढून, ब्रेक थोडाथोडा मारत उतरतो. काल दहापैकी सात वेळा सरळ थांबलो. उरलेल्या तीनमध्ये एकदा लाइट गेली, ती मी विमानाच्या खात्यावर धरत नाही.