फ्रान्सच्या खेड्यांतून गाडीने फिरताना मिशलँचा कागदी नकाशा: काही महिन्यांच्या वापरानंतर

नोकरीसाठी तुलूझला आल्यापासून शनिवार-रविवारी गाडी काढून लॉत नदीच्या खोऱ्यातली गावं पालथी घालायचा नाद लागलाय. आधी सगळी भिस्त फोनवर होती. गेले काही महिने मिशलँचा कागदी नकाशा वापरतेय आणि आता त्याच्याशिवाय निघवत नाही.

टायर बनवणारी ही कंपनी 1910 पासून फ्रान्सचे नकाशे छापतेय. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हिरवी रेघ. ज्या रस्त्यावरून बघण्यासारखं खूप आहे, त्याच्या कडेने ती ओढलेली असते. फोन लवकर पोचवणारा रस्ता शोधतो. इथे आधी रस्ता आवडतो, मग मुक्काम ठरतो.

उदाहरणच द्यायचं तर फिजाकहून सँ-सिर्क-लापोपीकडे जाताना सेले नदीच्या काठाने जाणारा डी-41 हा जिल्हा रस्ता घ्या. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला चुनखडीचा उभा कडा. काही ठिकाणी कडा रस्त्यावर असा झुकलाय की मान आपोआप खाली जाते. समोरून ट्रॅक्टर आला की कडेला थांबायचं, हात वर करायचा, तोही हात वर करतो. वाटेत मार्सियाकला पडक्या मठाच्या कमानी आहेत. पुढे काब्रेरेजवळ पेश-मेर्लची गुहा, आत वीस हजार वर्षांहून जुने भिंतीवर रंगवलेले ठिपक्याठिपक्यांचे घोडे. तिथे रोज मोजक्याच लोकांना आत सोडतात, तेव्हा बुकिंग आधीच करा. सगळं अंतर जेमतेम पन्नासेक किलोमीटर, पण अख्खा दिवस कमी पडतो.

दुसरी सोय चढाच्या बाणांची. रस्त्यावर एक बाण म्हणजे साधा चढ, तीन म्हणजे 13 टक्क्यांच्या वरचा. उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. बाबांना फ्रेंचचा गंध नाही, पण मांडीवर नकाशा पसरून ते आधीच सांगायचे, "पुढे दोन बाण आहेत गं, गिअर खाली घे." फोनच्या बाईने हे मला कधी सांगितलेलं नाही.

एक अडचण मात्र आहे, एकट्याने गाडी चालवत असाल तर नकाशा दर वेळी थांबूनच बघावा लागतो. आणि काही गोष्टी कुठल्याच कागदी नकाशात मिळत नाहीत. साध्या दुपदरी रस्त्यावर 2018 पासून वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटर आहे, पण काही जिल्ह्यांनी ती पुन्हा 90 केलीय, म्हणून पाट्यांकडे लक्ष हवं. लाल काठाची गावाच्या नावाची पाटी दिसली की 50, मग वेगळा आकडा लिहिलेला असो वा नसो. गावात उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क आधी, हे आपल्याकडून आलेल्यांनी घोकूनच ठेवावं. आणि जेवण बारा ते दोनमध्ये उरकायचं. नंतर खेड्यातल्या हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद.

घेताना 1:200000 चा प्रादेशिक नकाशा घ्या, त्यात एका सेंटिमीटरला दोन किलोमीटर बसतात. एकाच जिल्ह्यात रेंगाळायचं असेल तर 1:150000 चा बरा. जुन्या बाजारात स्वस्तात मिळाला तरी 2006 च्या आधीचा नको. त्या वर्षी कितीतरी राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे गेले आणि त्यांचे नंबर बदलले. काऑर शहरातून जाणारा राष्ट्रीय रस्ता एन-20 आता पाट्यांवर डी-820 आहे.