डुप्लिकाटी : घरच्या संगणकावरील बॅकअप आणि त्याचा वेग

विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणारे मोफत, मुक्तस्रोत बॅकअप सॉफ्टवेअर शोधू लागले की डुप्लिकाटीचे नाव हमखास पुढे येते आणि ते फार संथ चालते ही तक्रारही त्यापाठोपाठ ऐकू येते. तक्रार निराधार नाही. मात्र तिचे मूळ बरेचदा पहिला बॅकअप सुरू होण्यापूर्वीच्या एका निवडीत असते, आणि ती निवड प्रगत पर्यायांत दडलेली असल्यामुळे तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

ती निवड म्हणजे ब्लॉकचा आकार. डुप्लिकाटी प्रत्येक फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्याची हॅश, म्हणजे त्याची ओळख पटवणारा सांकेतिक ठसा, काढते आणि आधीच साठवलेला तुकडा पुन्हा पाठवत नाही. कोणता तुकडा कोठे आहे याची नोंद संगणकावरच्याच एस्क्यूलाइट या छोटेखानी डेटाबेसमध्ये राहते. जुन्या आवृत्त्यांत हा आकार मुळात १०० केबी ठेवलेला होता, २.१ पासून तो १ एमबी झाला. ५०० जीबी माहितीचे पहिल्या हिशेबाने सुमारे ५० लाख तुकडे होतात, दुसऱ्या हिशेबाने सुमारे ५ लाख, आणि डेटाबेसमधील शोधाला लागणारा वेळ त्यावरच ठरतो. अडचण अशी की एकदा बॅकअप घेतल्यावर हा आकार बदलता येत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअर अद्ययावत केले तरी जुना बॅकअप जुन्याच आकाराने चालू राहतो. मोठ्या आकाराचा लाभ हवा असेल तर नवा बॅकअप पहिल्यापासून घ्यावा लागतो. जुना तोवर पुसू नये, हे सांगायला नकोच.

विंडोजवर दुसरा ठळक फरक 'युएसएन पॉलिसी' या पर्यायाने पडतो. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या मांडणीतील डिस्कवर होणाऱ्या बदलांची नोंद (युएसएन) विंडोज स्वतःच ठेवत असते. हा पर्याय चालू केला की डुप्लिकाटी ती नोंद वाचते आणि लाखो फाइली एकेक करून तपासण्याचे टाळते. त्यासाठी, तसेच उघड्या असलेल्या फाइलींची प्रत घेणाऱ्या 'स्नॅपशॉट पॉलिसी'साठीही, प्रशासकीय अधिकार लागतात. नेहमीच्या पद्धतीने सुरू केलेल्या डुप्लिकाटीला ते नसतात, आणि हा मुद्दा पर्यायाच्या नावाशेजारीच ठळकपणे सांगायला हवा होता असे मला वाटते.

वेगासाठी कॉम्प्रेशन, म्हणजे फाइली दाबून लहान करणे, कमी करण्याचा सल्ला मात्र घरगुती वापरात फारसा उपयोगी पडत नाही, कारण छायाचित्रे आणि लग्नमुंजीचे व्हिडिओ यांसारख्या आधीच दाबलेल्या फाइली ओळखून डुप्लिकाटी त्या तशाच साठवते. त्यापेक्षा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर एसएसडीवर नेणे हिताचे, कारण तुकडे एकत्र करून पाठवला जाणारा ५० एमबीचा प्रत्येक संच पाठवण्यापूर्वी तेथेच तयार होतो. ब्राउझरची कॅशे आणि डाउनलोडचा फोल्डर वगळला तर काही मिनिटे आणखी वाचतात.

याउपर सॉफ्टवेअरच्या हाती फारसे काही उरत नाही. अपलोडचा वेग २० एमबीपीएस (सेकंदाला २० मेगाबिट) असेल, तर ५०० जीबी क्लाउडवर जाण्यास कोणत्याही सॉफ्टवेअरला ५५ तासांहून अधिक वेळ लागणारच. म्हणून आधी कागदपत्रांचा छोटा फोल्डर घ्यावा, तो पूर्ण झाल्यावर छायाचित्रे जोडावीत आणि व्हिडिओ शेवटी ठेवावेत. मध्येच वीज गेली तरी महत्त्वाचे तेवढे आधीच पोहोचलेले असते. बाहेरील डिस्क वापरणाऱ्यांनी ती यूएसबी २.० च्या जागेत तर लावलेली नाही ना, हे पाहावे. त्या जोडणीतून सेकंदाला ३०-३५ एमबीच्या पुढे जाणे कठीण असते.

माझी खरी नाराजी फाइली परत मिळवण्याच्या बाबतीत आहे. मूळ संगणक आणि त्यावरचा डेटाबेस शाबूत असेल तर काम सुरळीत होते, पण डिस्कच गेली तर नव्या संगणकावर तो डेटाबेस साठवलेल्या संचांवरून पुन्हा उभारावा लागतो, आणि मोठ्या बॅकअपच्या बाबतीत ही प्रतीक्षा चांगलीच लांबते. शिवाय डुप्लिकाटी फाइलींचा बॅकअप घेते, संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे विंडोजसह हुबेहूब प्रत, घेत नाही. डिस्क बिघडल्यावर विंडोजसह संगणक त्याच दिवशी पूर्ववत हवा असेल, तर डिस्कची प्रतिमा घेणारे वेगळे सॉफ्टवेअर सोबत ठेवावेच लागेल.