जुनी येझदी २५० : किक एक नंबर, ब्रेक रामभरोसे

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातल्या जुन्या टू स्ट्रोक (म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या) मोटरसायकलचा आहे, म्हणजे १९६० च्या दशकात जावा म्हणून सुरू झाली, पुढे टाकीवर येझदी लिहून यायला लागली आणि १९९६ ला कारखानाच बंद पडला ती. २०१८ ला आलेली नवी जावा वेगळी, ती फोर स्ट्रोक, तिचं इंजिन आणि हिचं इंजिन यांचा काडीचा संबंध नाही.

या गाडीतली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे डावीकडची दांडी. किक पण तीच आणि गिअर पण तोच! आत दाबून मागे फिरवली की किक, गाडी चालू झाली की पुढे पाडली की गिअर. नवख्या माणसाला चावी देऊन बघा, उजवीकडे किक शोधत बसतो बिचारा. वर अजून गंमत अशी की गिअर टाकताना आतला क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे सेटिंग नीट असेल तर चालत्या गाडीत क्लच न दाबता गिअर पडतात. जागेवरून निघताना मात्र क्लच दाबावाच लागतो, तिथे शहाणपणा नको.

इंजिन २४८.५ सीसी, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन, कारण एक्झॉस्टची पोर्टच, म्हणजे धूर बाहेर पडायची तोंडंच, दोन आहेत. चेन पूर्ण झाकलेली, त्यामुळे धूळचिखल तिच्यापर्यंत पोचत नाही, आजच्या महागड्या गाड्यांना हे का जमत नाही देव जाणे.

आता त्रास. ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच टाकायचं, लिटरला साधारण ४० मिली, आणि यात आळस केला की पिस्टन जाम झालाच समजा. घाट उतरताना पण गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून देऊ नका, पेट्रोल थांबलं की त्याच्याबरोबर जाणारं ऑइल पण थांबतं, म्हणून मधेमधे थोडी रेस देत राहायची. सायलेन्सरमध्ये कार्बन साठतो, तो काढावा लागतो. जुन्या मॉडेलला ६ व्होल्टची लाइट आहे, तिला उजेड म्हणायचं की नाही तुम्ही ठरवा. आणि ब्रेक... दोन्हीकडे ड्रम, गाडी वजनदार, तेव्हा समोरचा काय करणार ते आधीच ओळखून चालवायची.

घ्यायला जाल तेव्हा इंजिन चांगलं तापू द्या आणि धूर बघा. टू स्ट्रोक आहे म्हणजे थोडा धूर असणारच, पण तापल्यावरही पांढरा लोट येतोय आणि गिअर ऑइल कमी होत जातंय तर क्रँकचं ऑइल सील (इंजिनातल्या फिरत्या दांड्याशी ऑइल अडवणारी रिंग) गेलेलं असू शकतं, म्हणजे इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून जाळतंय. मालक "टू स्ट्रोक असंच असतं हो" म्हणेल, ऐकू नका, तो खर्च धरूनच भाव करा.

कागदांचं पण बघा. १५ वर्षांनंतर रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनी रिन्यू होतं, ते चालू आहे का विचारा. ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर २०२१ च्या नियमाने व्हीए (VA) अक्षरं असलेला व्हिंटेज नंबर मिळू शकतो, पण मग रोज ऑफिसला नेता येत नाही, तेव्हा रोज चालवायची असेल तर त्या फंदात पडू नका. इंजिन आणि चॅसी नंबर आरसी बुकाशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा, मगच पैसे काढा.